पेशी क्रमांक ३००४

जिना उतरताना डोकं सांभाळा, छताखालून पाइप गेलेत. कोळिष्टकांकडे बघू नका, ती इथली जुनी रहिवासी आहेत. साल १९५८, शहर अमेरिकेतलं बाल्टिमोर. तुम्ही जॉन्स हॉपकिन्सच्या आवारात, विल्मर इन्स्टिट्यूटच्या तळघरात आला आहात. वर डोळ्यांचं इस्पितळ चालतं. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचे नंबर. खाली स्टीफन कफलर नावाच्या गृहस्थाची प्रयोगशाळा आहे. हा हंगेरीत जन्मला, व्हिएन्नात डॉक्टर झाला, हिटलर ऑस्ट्रियात शिरल्यावर तिथून निसटून ऑस्ट्रेलियात गेला आणि फिरत फिरत इथं पोचला.

आधी बाहेर जाऊन काही खाऊन येऊ म्हणाल, तर जरा थांबा. या शहरातल्या पुष्कळ हॉटेलांत अजून काळ्या माणसाला बसू देत नाहीत, आणि तुमच्या गव्हाळ रंगाचं दारातला माणूस काय करेल, याची हमी कोणी देणार नाही. माणूस फक्त डोळ्यांनी बघत नाही, हे खरं तर रस्त्यावरही कळलं असतं. पण पुरावा तळघरात आहे. चला.

दार हळू लोटा. आत अंधार आहे. डोळे सरावेपर्यंत भिंतीला धरून उभे राहा.

दोन माणसं दिसू लागतील, दोघंही तिशीच्या थोडी पुढची. एक डेव्हिड ह्यूबल, कॅनडात वाढलेला डॉक्टर. दुसरा टॉर्स्टन वीझल, स्वीडनचा. वडील स्टॉकहोमच्या मोठ्या मनोरुग्णालयाचे प्रमुख, त्यामुळे बालपण इस्पितळाच्या आवारातच गेलं. खरं तर ह्यूबल या तळघरात यायचाच नव्हता. त्याची जागा मेंदूवरच काम करणाऱ्या व्हर्नन माउंटकॅसलच्या प्रयोगशाळेत ठरली होती, पण तिथं बांधकाम निघालं. तोवर एक वर्ष माझ्याकडे काढ, वीझलबरोबर काम कर, असं कफलरनं सुचवलं. इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये जेवता जेवता हे ठरलं. त्या एका वर्षाची पुढं वीस वर्षं झाली.

टेबलावर मांजर आहे. भूल दिलेली आहे, तिला काही कळत नाही. बुबुळ तसूभरही हलू नये म्हणून स्नायू सैल पाडणारं औषध दिलंय, म्हणून श्वासही यंत्र देतंय. कवटीला बारीक भोक आहे आणि त्यातून एक तार मेंदूच्या मागच्या भागात गेली आहे. तुम्हाला कसंतरी होईल. व्हायलाच हवं. पुढं जे कळणार आहे त्याचा फायदा लाखो मुलांना होणार असला, तरी मांजरांनी संमती दिली नव्हती, एवढं लक्षात ठेवून बघा.

ती तार नीट बघून घ्या, या खोलीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच आहे. टंगस्टनची आहे. ह्यूबलनं वॉशिंग्टनला लष्कराच्या संशोधन संस्थेत असताना ती तयार केली. द्रावणात बुडवून, वीज सोडून टोक इतकं झिजवलं की साध्या डोळ्यांना ते दिसतच नाही. मग वरून वार्निश, फक्त टोक उघडं. तार एका वेळी केसाच्या जाडीहून कमी सरकवायची असते, त्यासाठीचं यंत्रही त्यानंच बनवलं, आणि तेवढ्यासाठी लेथ चालवायला शिकला. टोक एखाद्या पेशीजवळ पोचलं की तिच्यातली विजेची हालचाल लाउडस्पीकरमधून ऐकू येते. पेशी उत्तेजित झाली की ‘टक्’. जास्त उत्तेजित झाली की टक् टक् टक्.

आता ऐका. मधूनच एखादा टक्. पुन्हा शांत.

मांजराच्या डोळ्यासमोर एक अवजड यंत्र आहे, डोळ्याच्या पडद्यावर हव्या त्या जागी प्रकाश टाकणारं. टॅल्बट नावाचा एक संशोधक आणि कफलर यांनी ते तयार केलंय. त्यात फट आहे, फटीत पट्ट्या घालायच्या. पितळेच्या पट्टीला भोक असलं की पडद्यावर प्रकाशाचा ठिपका पडतो. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका चिकटवला की काळा ठिपका पडतो. ठिपकेच का, तर कफलरमुळे. त्यानं १९५३ मध्ये दाखवून दिलं होतं की डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी पडद्यावरच्या छोट्याशा वर्तुळाची राखण करतात. मध्यावर प्रकाश पडला की काही पेशी चेकाळतात आणि भोवतालच्या कड्यावर पडला की गप्प होतात. काहींचं नेमकं उलटं. म्हणजे डोळा कॅमेऱ्यासारखा सगळा उजेड मोजून पाठवत नाही, उजेडातला फरक पाठवतो. डोळ्याची भाषा ठिपक्यांची, तर मेंदूचीही तीच असणार, असा दोघांचा सरळ हिशेब.

हिशेब चुकतो आहे. महिनाभर चुकतो आहे. आज हाती लागलेली पेशी तेवढी बरी आहे. तार अशी घट्ट बसली आहे की भूकंप झाला तरच हलेल. पण पेशी बोलत नाही. उजेडाचा ठिपका दाखवला, काही नाही. काळा दाखवला, काही नाही. कडी दाखवली, नाही. तीन-चार तास असेच जातात. तुम्हाला कंटाळा येईल, खाली बसा. विज्ञानाच्या गोष्टींत ही जागा दोन ओळींत उरकतात, म्हणून मुद्दाम सांगतो: बसून राहणं हाच या खोलीतला मुख्य धंदा आहे. रात्री उशिरा वीझल इंग्रजी सोडून स्वीडिशमध्ये बोलू लागला की आता आवरावं, असं ह्यूबलनं ओळखायचं.

पडद्याच्या एका भागात प्रकाश फिरला की पेशी काहीतरी पुटपुटल्यासारखी वाटते. एकदा हो, एकदा नाही. कोणीतरी पुन्हा काळ्या ठिपक्याची काच उचलतो आणि फटीत सरकवतो.

आणि लाउडस्पीकर कडाडतो! लवंगी फटाक्यांची माळ लावल्यासारखा. (ह्यूबल पुढं मशीनगन म्हणेल, महायुद्ध पाहिलेल्या पिढीला तीच आठवणार.) काच थांबली की आवाज थांबतो. दोघं एकमेकांकडे बघतात. पुन्हा काच काढतात, पुन्हा घालतात. पुन्हा तडतड. ठिपका जागेवर आला की गप्प.

आता हालू नका, फक्त काचेकडे बघा. ठिपक्याकडे नाही, काचेच्या कडेकडे. काच आत सरकताना तिच्या कडेची फिकट पण रेखीव सावली डोळ्याच्या पडद्यावरून सरकते आहे: उजेडावर एक सरळ काळी रेघ. पेशीला ठिपक्यात रस नव्हताच. तिला ती रेघ हवी होती. दोघं रेघेची दिशा बदलून बघतात. थोडी कलवली, आवाज कमी. आणखी कलवली, बंद. एका ठरावीक कलाची रेघ आली की पेशी बोलते, आडवी पडली की मुकी. ती बोलत असेपर्यंत दोघं तिला सोडत नाहीत. एका पेशीवर नऊ तास.

या प्रसंगाला पुढं लोक नशीब म्हणतील. मला ते पटत नाही. जर्मनीत फ्रायबुर्गला रिचर्ड युंगची मंडळी मांजराच्या मेंदूच्या याच भागावर काम करत होती. पण डोळ्यावर सगळीकडे सारखा उजेड टाकून बघण्यावर त्यांचा भर होता आणि पुष्कळ पेशी त्यांच्यासाठी मुक्याच राहिल्या. काचेच्या कडेची सावली कोणाच्याही प्रयोगात पडली असती. पेशी नऊ तास टिकेल अशी तार कोणाकडे होती, आणि काच घालताना आलेल्या आवाजाला ‘काहीतरी धक्का लागला असेल’ म्हणून न झटकणारे दोघं कोण होते, हे प्रश्न नशिबाचे नाहीत.

वहीत या पेशीचा क्रमांक बघा: ३००४. आधीच्या तीन हजार पेशी कुठल्या? कुठल्याच नाहीत. माउंटकॅसलच्या खात्यावर पेशींचे आकडे केवढे तरी मोठे. त्याच्यापुढे आपण अगदीच किरकोळ दिसू नये म्हणून या दोघांनी मोजणीच ३००० पासून सुरू केली. मोठ्या शोधांच्या वह्यांत असा चावटपणा असतो, तो पाठ्यपुस्तकात छापत नाहीत.

काही दिवस पुढं सरकू. टॅल्बट-कफलर यंत्र बाजूला पडलंय; आता आकृत्या मांजरासमोर टांगलेल्या साध्या पडद्यावर पाडायच्या आहेत. अडचण एकच, मांजराचं तोंड छताकडे. तेव्हा पडदाही छतालाच. पाइपांना पलंगपोस बांधलेत, मध्ये कोळिष्टकं, आणि दोन डॉक्टर मान वर करून त्या चादरींवर उजेडाच्या रेघा नाचवतायत. सर्कशीचा तंबूच. नेमका अशा वेळी माउंटकॅसल आत येतो. त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे, बघून घ्या.

मानेच्या दुखण्यावर उपायही माउंटकॅसलकडेच निघाला. मांजराचं डोकं सरळ समोर धरून ठेवणारी एक चौकट त्याच्या प्रयोगशाळेत पडून होती. टॅल्बटनं १९४१ च्या सुमाराला वापरलेली आणि वर ‘विल्मर इन्स्टिट्यूट’ असं कोरलेली. ती मागायला जाताना दोघांनी अंगावर पांढरे कोट चढवले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. माउंटकॅसल भला माणूस. पण चौकट सोडवत नव्हती. तरी पोलादावर कोरलेल्या नावाला काय उत्तर देणार? दोघं चौकट घेऊन विजयी मुद्रेनं परत. पुढं हार्वर्डला जाताना ती यांनी विल्मरमधूनही नेली, म्हणजे हिशेब फिट्टंफाट.

या तळघरात नेमकं काय सापडलं, ते तुमच्या हातातल्या पानावर बघता येईल. ही ओळ वाचताना अक्षरांच्या डोक्यावरची शिरोरेघ तुमच्या मेंदूतल्या काही पेशींना जागं करते आहे, ज्यांना फक्त आडव्याची ओढ आहे. काना दिसला की दुसऱ्या उठतात, उभ्याच्या. वेलांटीच्या वळणाशी आणखी कोणी. पान जरा तिरकं धरा. अक्षरं तीच राहतील, पण मेंदूतली पाळी बदलेल. ह्यूबल-वीझलनी अशा पेशींच्या राखणीचे नकाशे काढले. जिथं उजेडानं पेशी बोलते तिथं फुली, जिथं गप्प होते तिथं त्रिकोण. फुल्यांची एक रांग आणि दोन्ही बाजूंना त्रिकोण. ठिपक्यांची राखण करणाऱ्या कितीतरी पेशी एका ओळीत उभ्या राहून एकाच पेशीला बातमी देत असतील, तर त्या पेशीला आपोआप रेघ कळेल, असं त्यांनी १९६२ मध्ये मांडलं. शिवाय तार खाली सरळ नेली तर वाटेतल्या पेशी एकाच कलाच्या निघतात, तिरकी नेली तर कल हळूहळू, क्रमानं फिरत जातो. म्हणजे मेंदूच्या त्या दोन मिलिमीटर जाडीच्या थरात कुणीतरी कोनांची मांडणी करून ठेवल्यासारखं आहे.

पहिला निबंध १९५९ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त आला. लेखक दोन. कफलरचं नाव नाही. प्रयोगशाळा त्याची, यंत्र त्याचं, मूळ कल्पना त्याच्या १९५३ च्या कामातून निघालेली, तरी नाही. ज्यात स्वतः हातानं काम केलं नाही त्यावर सही करायची नाही, हा त्याचा रिवाज. आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात विभागप्रमुखांसमोर हे सांगून बघा.

आता बॉस्टनला चला, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात. साठचं दशक सुरू झालंय. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांचं एक कोडं डोळ्यांच्या डॉक्टरांना जुनं होतं. ऑपरेशन चांगलं होतं, डोळा स्वच्छ होतो, पण मूल वाढल्यावर केलं तर त्या डोळ्यानं नीट दिसत नाही. प्रौढ माणसाचा मोतीबिंदू कितीही वर्षांनी काढा, नजर परत येते. असं का?

टेबलावर आता मांजराचं पिल्लू आहे. जन्मानंतर डोळे उघडायच्या सुमारास त्याच्या एका पापणीला टाके घातले होते. तीन महिन्यांनी टाके काढले. डोळा धडधाकट, पडदा शाबूत, बाहुली उजेडाला आकुंचन पावते. पण चांगला डोळा झाकला की पिल्लू भिंतीवर आपटतं. तार घाला आणि ऐका. उघड्या राहिलेल्या डोळ्याला रेघ दाखवली की तडतड. टाके घातलेल्या डोळ्याला दाखवली की जवळजवळ एकही पेशी उत्तर देत नाही. रिकामी पडलेली जागा दुसऱ्या डोळ्यानं बळकावली आहे. मोठ्या मांजराचा डोळा वर्षभराहून जास्त शिवून ठेवला, तर काहीच बिघडत नाही. आणि पिल्लाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात सहा दिवस पापणी बंद राहिली, तरी नुकसान जवळजवळ पूर्ण होतं. फक्त सहा दिवस!

त्यांनी आणखी एक केलं. पिल्लाच्या एका डोळ्याचा एक स्नायू कापून तो तिरळा केला. दोन्ही डोळे उघडे, दोन्हींना उजेड. तरी दोन्ही डोळ्यांचं ऐकणाऱ्या बहुतेक पेशी नाहीशा झाल्या. बहुतेक पेशींनी एकच डोळा धरला. दोन डोळे एकाच वेळी एकाच जागी बघत नाहीत, एवढंच कारण पुरलं. इथं, या टेबलाशी थोडा वेळ थांबा. बाल्टिमोरच्या तळघरातल्या शोधावर नोबेल मिळालं म्हणतात ते खरं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाताला घाई लागली ती या टेबलामुळे.

स्टॉकहोम, डिसेंबर १९८१. नोबेलचं अर्धं पारितोषिक मेंदूवरच काम केलेल्या रॉजर स्पेरीला, उरलेलं अर्धं या दोघांत. वीझलला हे घरी येणंच. कफलर मात्र नाही. तो आदल्या वर्षी, १९८० मध्ये गेला.

शेवटचा मुक्काम दिल्ली, दर्यागंजातलं डॉ. श्रॉफ यांचं धर्मादाय नेत्र रुग्णालय. अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा इथल्या डॉक्टरांबरोबर ‘प्रोजेक्ट प्रकाश’ चालवतात. खेड्यापाड्यांतून जन्मांध मुलं आणली जातात, ज्यांचा मोतीबिंदू कुणी काढलाच नाही. काही आठ वर्षांची, काही सतरा. ऑपरेशनला दोन दिवसही झालेले नाहीत. एका मुलाच्या हातात खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखा एक आकार देतात, तो चाचपतो. मग तो आकार आणि दुसराच एक, दोन्ही समोर ठेवतात. हातात होता तो कुठला? मूल बघतं. दोन्ही दिसतात, फरकही दिसतो. पण हातातला कुठला, ते सांगता येत नाही. चाचपडल्यासारखं काहीतरी बोट दाखवतं. विल्यम मॉलिन्यूनं १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून नेमका हाच प्रश्न घातला होता: जन्मांधाला एकाएकी दिसू लागलं, तर हातानं ओळखीचा गोल आणि घन तो नजरेनं ओळखेल का? तीनशेहून जास्त वर्षांनी उत्तर आलं, नाही. पण आठवडाभरानं पुन्हा या, ती मुलं ओळखू लागलेली असतात.

त्यांना एकमेकांवर आलेला चौकोन आणि वर्तुळ दाखवा. तुम्हाला दोन आकृत्या दिसतील, त्यांना तुकडे दिसतात. जिथं जिथं रेघ दुसरीला छेदते, तिथं नवी वस्तू. रेघा मिळतात, पण कुठली रेघ कोणाची, ते ठरत नाही. त्यातली एक आकृती सरकवली की मात्र एकत्र सरकणाऱ्या रेघा मुलं एकत्र बांधतात. मांजरांवरून वाटलं होतं तितकं नजर घडण्याचं दार घट्ट बंद होत नाही, हे या मुलांनी दाखवलं. दार उघडं राहतं, असं मात्र कुणी समजू नये. बारीक अक्षर वाचण्याची नजर या मुलांना सहसा पूर्ण मिळत नाही.

आता घरी परत या. एखाद्या बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला गेला असाल. बाळाचा एक डोळा नाकाकडे वळतो आहे, आणि आत्या कौतुकानं सांगतायत, अहो, तिरळा डोळा भाग्याचा असतो, मोठा झाला की आपोआप सरळ होतो. पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे इकडे तिकडे भटकतात, त्याची काळजी नको. त्यानंतरही वळत असेल, तर आत्यांना हो म्हणू नका. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरं चमकत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तो मोतीबिंदू असू शकतो, आणि त्याहून वाईटही. शाळेत घालण्याआधी मुलाचे दोन्ही डोळे एकेक झाकून तपासून घ्या, कारण एक डोळा चांगला असला की दुसरा आळशी आहे हे मुलाला स्वतःला कळत नाही. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला डॉक्टरांनी सांगितलं, तर मूल रडलं तरी ती काढू नका. पट्टी जितकी लवकर लागेल तितका उपयोग; वयाच्या सात-आठ वर्षांनंतर तो झपाट्यानं कमी होतो.